बाबांची पंपाची बंदूक

पनवेल, १ सप्टेंबर १९५८

चि. जुडाह यास हदासाताईचे शालोम व आशीर्वाद.

बाबांना जाऊन दोन महिने झाले, आणि त्यांच्या बंदुकीपायी मला चौकीवर खेटे घालावे लागताहेत. फौजदार म्हणतात, परवाना बाबांच्या नावाचा होता. महिनाअखेर एखाद्या परवानेवाल्याला विका, नाहीतर जमा करा. तीच ती, नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की काडतूस भरणारी. तू बंदुकांच्या दुकानात नोकरीला, मग बाहेर कोणाला विचारू?

शिरढोणचा तुळशीराम ती मागतो. बाबा वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर शेताच्या राखणीला बसत. परवाना त्याच्याकडे आहे, पण त्याची ठासणीची बंदूक फुटली. गेल्या आठवड्यात रानडुकरानं त्याच्या लेकीची, रंभाची, मांडी फाडली. म्हणाला, डुकरं आता मानसाला भीत नाय, आमी शेतात जायाचं कसं? दोनशे रुपये देईन म्हणतो. मला वाटतं, त्यालाच द्यावी. वारस तू, सही तुझी लागेल.

दिनावहिनीची तब्येत कळव. माया आहेच, ती वाढव.

तुझी ताई हदासा

मुंबई, ४ सप्टेंबर १९५८

ती. हदासाताईस जुडाहचा सा. नमस्कार.

पत्र पोचले. दिना बरी आहे. घाई करू नकोस. आधी मूठ मागे ओढून आत काडतूस नाही याची खात्री कर. मग पाहा: काडतुसावर आपटणारा घोडा बाहेर दिसतो का, आणि डाव्या बाजूला विंचेस्टर १८९७ असं कोरलंय का? बंदूक सुटून दोन भाग होतात. दोन्हींवरचा नंबर एकच हवा.

खरी किंमत तीन जागी असते: नळीवरचा मूळचा निळसर काळा रंग, घोड्यापाशी पोलादी पेटी असते तिच्यावरचा तोच रंग, आणि खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याचं जुनं पॉलिश. या जागांना हात लावू नकोस. तुझा हात भांड्यांवर कसा चालतो ते मला ठाऊक आहे! आमच्या एका गिऱ्हाइकाला जुन्या बंदुका जमवायचा नाद आहे. नऊशे देतो, मी शब्द दिलाय. डिसेंबरात तू इस्राएलला जाणार, हाताशी चार पैसे राहतील. तुळशीरामाला एखादी साधी बंदूक पुढेमागे पाहू.

पंधरा तारखेला आपल्या नव्या वर्षाच्या सणाला येतोच. लोभ असावा.

तुझा जुडाह

पनवेल, ११ सप्टेंबर १९५८

चि. जुडाह यास आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं सगळं पाहिलं. आत काडतूस नाही, घोडा बाहेर आहे, नाव आहे, नंबर दोन्हीकडे एकच. पण एक घोटाळा झाला. सणाची भांडी काढली होती, त्यांच्याबरोबर बंदूकही राख-लिंबानं घासली. आता ती कल्हईच्या पातेल्यासारखी पांढरी दिसते. तुझं पत्र त्यानंतर मिळालं. रागावू नकोस. दारं लावून दिवसभर करायचा तो दरफळणीचा उपास जवळ आलाय. त्याआधी एकमेकांची माफी मागायची असते, तशी मागते.

सणाला ये, मग ओरड. तोवर लोभ कमी करू नकोस.

तुझी ताई हदासा

मुंबई, २२ सप्टेंबर १९५८

ती. हदासाताईस सा. नमस्कार.

सणाला आलो तेव्हा बंदूक नीट तपासली, पण तुळशीराम बसला होता म्हणून बोललो नाही. ताई, सोळा वर्षं हेच काम करतोय. अजाण माणूस बंदूक घासतो तेव्हा राख सांध्यासांध्यांत शिरते. इथे मुठीच्या खाचेत कणभर राख नाही, उलट ताजं तेल आहे. चाप मोकळा, नळी आतून आरशासारखी. राख फिरलीय ती नेमकी मी लिहिलेल्या तीन जागी. माझं पत्र वाचून, ते समोर ठेवून तू घासलीस.

गिऱ्हाईक नाही म्हणालं. दुकानात मला ऐकून घ्यावं लागलं, आणि खरं सांगतो, दोन दिवस तुझा फार राग आला.

ती आता संग्रहाला कुचकामाची, पण शेताला अगदी नवी. किंमत दोनशे ठरवली आहे. सही केलेला कागद सोबत आहे. तुळशीरामाला चौकीवर घेऊन जा, आणि रंभाला म्हणावं, लवकर बरी हो.

उपास परवा. तू मागितलेली माफी दिली. माझी मागायची राहिलीय. पहिल्याच पत्रात तू सरळ सांगितलं होतंस, तुळशीरामाला द्यावी. मी तुला बंदुकीची किंमत शिकवत बसलो, आणि तुला राख हातात घ्यावी लागली. मला माफ कर.

तुझा जुडाह