माहिती देणाऱ्याचं नाव

आबा, गेल्या आठवड्यात इथे बहारीनला आमच्या सलमाबादच्या नर्सरीत ऑस्ट्रेलियाहून ग्रास ट्री आली. तुम्ही असता तर दोन दिवस तिच्याभोवतीच घुटमळला असता. काळंभोर खोड, वर गवताचा झुबका आणि त्यातून निघालेला भाल्यासारखा दांडा. नावात गवत असलं तरी ती गवत नाही. सोबतच्या जुन्या यादीत तिचं नाव 'ब्लॅकबॉय' होतं, गोऱ्यांनी तिथल्या मूळच्या काळ्या माणसांवरून ठेवलेलं. ती माणसं तिला बालगा म्हणत, पण त्यांना विचारतो कोण? आमचा मल्याळी सुपरवायझर म्हणाला, "भाई, पुराना नाम है, वही लिख दो, यल्ला, जल्दी." मी ऐकलं नाही. पाटीवर 'बालगा' लिहिलं आणि दिवसभर ताठ मानेनं हिंडलो.

कोणत्या तोंडानं, ते तुम्हीच विचाराल. तुम्ही कॉलेजच्या बागेत कामाला होता आणि मी, तुमचा मुलगा, त्याच कॉलेजात शिकत होतो. वर्गात कुणाला हे नातं कळू नये म्हणून मी बागेची वाट टाळायचो. मग औषधी वनस्पतींची यादी करायचं काम आलं, तेव्हा मात्र तुमच्याकडेच आलो. एका रविवारी चुलीपाशी बसून तुम्ही तीस झाडं सांगितलीत. "पुस्तकात एकदांडी असंल, पण आपल्या बाया दगडी पाला म्हणत्यात. जखमंवर जी चोळती, तिला इचारून लिव्ह." फॉर्ममध्ये शेवटचा रकाना होता, माहिती देणाऱ्याचं नाव. तुमचं लिहिलं असतं तर आडनावावरून सगळं उघड झालं असतं. मी तीसही ओळींत लिहिलं, 'बागेतला एक माणूस'. तुम्ही कागद वाचलात, घडी घालून परत दिलात. "तीस झाडांची नावं बसली की रं. माझंच तेवढं बसंना व्हय?" त्यानंतर तुम्ही जेवायला वाढून घेतलंत.

परवा पाटीचा फोटो लेकीला दाखवला. ती ईसा टाउनच्या शाळेत जाते, तिला मराठी समजतं पण बोलते इंग्रजीतच. झाडाचं नाव ते वापरणाऱ्या माणसांना विचारून घ्यावं, असं मी तिला ऐटीत सांगत होतो. ती म्हणाली, "हू टॉट यू दॅट, बाबा?" आणि केस पिकलेला मी म्हणालो, "गावाकडच्या बागेतला एक माणूस." जीभ अडखळलीसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आबा, इथे तुम्हाला ओळखणारं कुणी नाही, मग मी भ्यालो कुणाला? मला माझीच लाज वाटते.

तिला खरं सांगण्याआधी तुमच्यापाशी कबूल करावं म्हणून लिहायला बसलो. आता वरपासून वाचून पाहिलं. तुमचं नाव यातही मी कुठे लिहिलेलं नाही.