धाकट्याच्या टॅबमधला आवाज

९ फेब्रुवारी

ती. आईस,

वाकून नमस्कार. आज खाणीत दिवसभर धूळ होती. काम नेहमीसारखंच झालं. मी वेळेवर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

धाकट्याचा कामाचा टॅब साहेबांनी आता मला वापरायला दिला. तो गेला त्या दिवशी टॅबही त्याच्यासोबतच उंचावरून पडला, पण काचेवर ओरखडासुद्धा नाही. आत यंत्रांच्या नोंदी त्याच्या आवाजात होत्या. एका नोंदीत मध्येच म्हणतो, "दादा, सगळा चहा ढोसू नकोस, आलोच."

तुझ्यासाठी ते उतरवून घेणार होतो. पाळी संपली आणि सवयीनं 'पाठवा' दाबलं. आकडे ऑफिसात जातात, आवाज पुसला जातो. मला ठाऊक होतं, आई.

आता मोजे धुऊन दोरीवर टाकतो.

तुझा,
थोरला