वाकलं की येणारी देवी

८ जानेवारी १९६३, धसई

आज पुन्हा! गावदेवीपुढे वाकले आणि छातीत धडधड. डोकं फुटेलसं, लुगडं घामाने चिंब, हात गार. डोळे उघडले तर माझ्या पाया पडायला बायकांची रांग. शेजारची ठकी विचारत होती, "आई, म्हस कवा विणार?" मी म्हटलं, "पाणी." तिने घरी जाऊन म्हशीला पाणी पाजलं. मला कुणी दिलं नाही.

११ जानेवारी

चूल फुंकायला वाकले तरी तेच. देवीला माझ्या चुलीत एवढा रस कशाला? हे म्हणाले, मुरबाडला दाखवू. सासूबाई वर न बघता भाकऱ्या थापत राहिल्या.

१९ जानेवारी

मुरबाडच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. मग पोट चाचपलं — तिथेच सुरू! परत मोजला, तर पारा पार वर. "मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ असावी. वाकलात की ती दाबली जाते नि दाब चढवणारा रस रक्तात सोडते." मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली.

४ फेब्रुवारी, मुंबई

गाठच. लिंबाएवढी. सर्जन स्पष्ट बोलले — "हात लागला की दाब चढणार, काढली की धाडकन उतरणार. पूर्वी अशी माणसं टेबलावरच जायची. आता दोन्हींवर औषध आहे." न काढली तर कधीही जाईन म्हणे. भीती वाटते.

६ फेब्रुवारी

उद्या.

१५ फेब्रुवारी

जगले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पूर्ण वेळ उशाशी बसून औषध कमी-जास्त करत होत्या. आज त्या आल्या. त्यांचा हात धरून रडले.

२४ मार्च, धसई

देवळात गेले. बायका टक लावून बघत होत्या. वाकले, उठले, पदर सावरला. काही नाही! ठकीचा चेहरा पडला. "गेली देवी." सासूबाई म्हणाल्या, "माझी सून ऱ्हायली, ते बघ." इतकी वर्षं या बाईला मी कठोर समजत होते.

९ एप्रिल

ठकी टोकावड्याहून आली, माझ्या माहेराहून. हातात पेढे. "वैनी, देवी कुठं गेली नाय गो! तुमच्या धाकल्या बहिनीच्या, मालूच्या अंगात आली. ओटी भराया वाकली नि घामानं निथळली. पाया पडाया ही रांग!"

पेढा ठेवून दिला. सकाळच्या पहिल्या एसटीने मालूला आणायला निघते. मुंबईचा रस्ता आता मला ठाऊक आहे.