दीड तासाचं हैदराबाद

मंगळवार, दिवेलागणीनंतर

सकाळी लेकीचा हैदराबादहून फोन आला. "आई, शिर्डीहून विमानानं दीड ताससुद्धा लागत नाही. बाळाला बघायला ये, चार दिवस राहा." दीड तास! आपल्या देवळालीहून शिर्डीच्या विमानतळावर जायलाच जवळजवळ तेवढा वेळ जातो. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

पण माझं अंतर घड्याळावर नाही, चंद्रीवर चालतं. सकाळची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं, तेवढंच माझं जग. ही गाय माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. ह्यांना तर मागच्या वेळी लाथच मारली. मग दीड तास काय नि दीड दिवस काय? लेकीला कसं सांगू, की तुझ्या बाळापेक्षा मला गाय... छे, तसं नाही. पण तसंच झालं ना?

संध्याकाळी धारेची बादली जागेवर दिसेना. गोठ्यात जाऊन बघते तर हे माझी कालची साडी डोक्यावरून घेऊन चंद्रीपाशी उकिडवे बसलेले! चंद्रीनं मान वळवून साडी हुंगली. एक पाय उचलला. मी दारातच श्वास रोखून उभी. तिनं पाय हळूच खाली ठेवला, आणि बादलीत धार वाजली.

मला हसू आवरेना.

"हसू नगं, बुजंल ती," हे मागं न बघताच म्हणाले. "पोरीला सांग तिकीट काढायला. फकस्त ही साडी धुवू नगं."