अठरा रोपांची शिस्त

१२ मार्च
लेकीचा फोन. तिचे तेच: घर मोठे, अंगण उजाड, तुला एकटीला झेपत नाही, घर विकून माझ्याकडे ये. दोन मे रोजी स्वतः येऊन बघणार आहे. बघू दे. तोवर अंगणात बाग. अठरा रोपे, तीन ओळी, दोरी लावून. हिरवे दिसले की विषय बंद.

१४ मार्च
माळ्याचे म्हणणे, ऊन तापायला लागले, पावसापर्यंत थांबा. तीस वर्षे वर्ग सांभाळले, कुणाच्या सोयीने शाळा उघडली नाही. रोपे लावून घेतली. जाताना तो बुंध्यांशी वाळका पाला पसरून गेला. कचरा. झाडून काढला.

१६ मार्च
पुन्हा पाला. पुन्हा झाडला. माणूस कामाला बरा, स्वच्छतेत ढ.

२८ मार्च, दुपारी १२
पाण्याची वेळ पक्की केली. ऊन डोक्यावर आले की बादली, घड्याळ बघायला नको. रोपे माना टाकून उभी. निव्वळ आळस.

६ एप्रिल
पाला मातीतली ओल धरून ठेवतो आणि पाणी संध्याकाळी द्यायचे असते, असे माळ्याने आज सांगितले. हे आधी सांगायचे. तो म्हणतो, तीनदा सांगितले. मला आठवत नाही, म्हणजे नीट सांगितले नसणार.

१९ एप्रिल
अकरा गेली. उरलेल्या सातांना मोकळी जागा मिळाली. दाटी मला नकोच होती. कंबर धरली आहे. नळ फार लांब बसवलाय. उद्यापासून अर्धी बादली.

३० एप्रिल
सातही गेली. नर्सरीतून फुललेल्या सहा छोट्या कुंड्या आणवल्या. कुंडीसकट पुरल्या, वर माती. माळी बघत राहिला. त्याला सांगितले, ही मॉडर्न पद्धत आहे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही जरा सावलीत बसा." बसले. झोपच लागली.

२ मे
लेक आली. अंगणात उभी राहून म्हणाली, "छान दिसतंय गं." जिंकले, असे वाटले. मग तिने एक सुकलेले फूल खुडायला हात घातला आणि अख्खी कुंडी वर आली. तिने ती परत खड्ड्यात ठेवली, माती सारखी केली, हात झटकले. चिडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होते.

चहा घेताना म्हणाली, "आई, मागची खोली तुझ्यासाठी रंगवायला काढलीय."

कोणता रंग, ते मी विचारून घेतले.