सूपभर कोंड्याचं नाव

वैनी,

तू गेलीस तेव्हा माझ्या हातची दोनच कामं घरात होती. एक पोळपाट आणि एक डुगडुगणारं स्टूल, ज्याच्या पायाखाली तू कायम पुठ्ठा घालायचीस. त्यानंतरचं सांगतो. दारं केली, चौकटी केल्या, दोन देव्हारे केले, बैलांचं जू केलं, बोरी गावातल्या आपल्या घरावर माळा घातला. आणि आता कितीतरी वर्षं फक्त पाळणे करतो. सागवानी, स्वतःच्या पायांवर उभे राहणारे, एकही खिळा न मारता खाचेत खाच बसवलेले. गज लेथवर मीच काढतो, पॉलिशही मीच करतो. कुणी शिकवलं नाही. मंचरच्या भंगारवाल्याकडून एक मोडका पाळणा आणला, सुटा केला, जोडला, परत सुटा केला. पुन्हा जोडताना मूळ कारागिरानं कुठं घाई केली होती तेही कळलं.

पाळण्याच्या पुढच्या फळीवर बाळाचं नाव कोरून देतो. त्यामुळे बारशाच्या आधीच नाव मला कळतं आणि लोक मला शपथा घालतात, भाऊ, कुठं बोलू नका. मी प्रत्येकाला विचारतो, अर्थ काय, कुणी सुचवलं. शब्दकोश विकत घेतलाय, तो मंचरच्या दुकानातच असतो. परवा एका जोडप्यानं रेयांश सांगितलं. म्हणाले, सूर्याचा अंश. मी कोश उघडून म्हणालो, सूर्याची एवढी नावं दिलीत, त्यात रेय काही दिसत नाही. ती बाळंतीण हसली. "नसू द्या काका. पोटात व्हतं तवापासून आमी ह्याच नावानं हाक मारतोय, ते पाय हलवून वळखही देतंय." कोश मिटला आणि नाव कोरलं. हाक मारून मारून नावाला अर्थ येतो हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्याच नावाचं दुसरं काय झालंय?

आणि माझं नाव मी कोरतो ते वरच्या आडव्या दांडीला, खालच्या अंगानं. उभ्या माणसाला दिसत नाही. पाळण्यात उताणं पडलेल्या बाळालाच दिसतं. कोंडी. एवढंच.

हे नाव कसं पडलं ते तू मला एकदाच सांगितलंस, चुलीपुढं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. माझ्या आधीची तुझी दोन्ही बाळं महिन्याच्या आत गेली होती. तेव्हा वर डोंगरातली, आहुप्याकडची माणसं कांदा काढायला आपल्या रानात उतरलेली. त्यांच्यातली एक बाई पालापुढं बसून बरोबर आणलेलं भात कांडत होती. तू मला फडक्यात गुंडाळून तिच्यापुढं ठेवलंस. म्हणालीस, "घे बाई, ह्याला इकत घे. माझ्यापाशी टिकत न्हाईत." तिनं काही विचारलं नाही. तिच्या गावातही ही रीत होती. सूपभर कोंडा तिनं तुझ्या पदरात ओतला आणि मला मांडीवर घेतलं. सौदा झाला. बारशाला आत्याच्या जागी तीच बसली, माझ्या कानात नावही तिनंच सांगितलं. ज्याची किंमत कोंड्याइतकी, त्याच्याकडं मरण कशाला वळून बघेल? धोंडू, केरू, भिका, आपल्या जुन्नर-आंबेगावात गावोगाव भेटणारी ही नावं त्याच चालीची. कुणाला दगड म्हटलं, कुणाला केरावर ठेवून उचललं, कुणाला भीक मागून आणलेल्या कपड्यात गुंडाळलं. आता ह्या नावांना लोक हसतात. मला ती सगळी एकाच जातीची वाटतात, घाबरलेल्या आयांनी मरणाला मारलेल्या थापांसारखी.

पण सौदा केला की तो पाळावा लागतो, आणि तू तो फार कडक पाळलास. ती बाई माझी आई. तू वैनी, कारण घरातले धाकटे दीर तुला वैनी म्हणायचे. लोकांना वाटायचं, एकत्र कुटुंबात पोरं म्हणतातच तसं. मी सहा-सात वर्षांचा असेन, उतरंडीवरून गाडगं डोक्यावर पडलं आणि मी आई गं म्हणून ओरडलो. तू धावत आलीस, रक्त पदरानं दाबलंस आणि दुसऱ्या हातानं माझं तोंड. "कोन आई? हितं कोन आई न्हाई. वैनी म्हन." रक्त वाहतंय आणि तू मला शब्द सुधारायला लावतेस. मी वैनी म्हणेपर्यंत तू हात काढला नाहीस.

शाळेत पोरं म्हणायची, "ए कोंड्या, कोंबड्यांना टाकू का तुला?" गुरुजी भला माणूस. त्यांनी तुला बोलावून घेतलं. मी दाराशी उभा. "बाई, दाखल्यावर कमलाकर लिहितो. पुढं पोराला त्रास व्हायचा नाही." तू डोक्यावरचा पदर सारखा केलास. "व्हऊ द्या की त्रास, गुर्जी. त्रास व्हायला आधी जितं राह्याला पायजे." गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि कोंडीच लिहिलं. बाहेर आल्यावर मी रडत होतो आणि तू मला आळेफाट्याला नेऊन भेळ खाऊ घातलीस. भेळ संपल्यावर लोखंडाच्या दुकानातून एक पटाशी घेऊन दिलीस. का, ते सांगितलं नाहीस. तीच पटाशी नावं कोरायला वापरतो. धार लावून लावून निम्मी राहिलीय.

ह्या आठवड्यात पुण्याहून दोघं आली. एक तरुण, एक ताई. मोठं फर्निचरचं दुकान आहे, ऑनलाइनही विकतात. पाळणे त्यांना मनापासून आवडले. तरुणानं तर जमिनीवर झोपून खालून सांधे बघितले, त्याला लाकडातलं कळत होतं. सगळा माल घेऊ म्हणाले, वर्षानुवर्षं. अट एक. दांडीखालचं नाव काढायचं, तिथं त्यांचं येणार, आणि कुठल्याही पाळण्यावर पुढं कोंडी हे नाव घालणार नाही असं लिहून द्यायचं. त्याचे पैसे वेगळे. ताई म्हणाली, "काका, राग मानू नका. कोंडी म्हटलं की गिऱ्हाइकाला ट्रॅफिक आठवतो."

मी म्हणालो, "मंचरच्या हायवेवर उभं राहून म्हणताय म्हणजे अनुभव घेऊनच आलात."

दोघंही हसली. चहा झाला. मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी ती जाहिरातीत घातली असती. एवढंच म्हणालो, पाळणे न्या, हवे तेवढे न्या, नाव राहील. तरुण म्हणाला, मग जमणार नाही. मी म्हणालो, नाही तर नाही.

बायको लई चिडली. दुकान भाड्याचं, मालक आज-उद्या खाली करा म्हणतोय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त टोचतं. "अवो, दांडीच्या खाली असतं ते. कोन वाचतंय?"

"बाळ वाचतं."

"बाळाला वाचता येतं व्हय?"

ती खरं बोलत होती. पण हे नाव माझ्या मालकीचं नाही, हे तिला कसं सांगू? ते सूपभर कोंडा घेऊन झालेल्या सौद्यातलं आहे, आणि त्या सौद्यातली दोन्ही माणसं आता नाहीत. मोडायला परवानगी मागू कुणाला? तू गेलीस त्या दिवशीही मी वैनी म्हणूनच रडलो. आता आई लिहायला कुणाची ना नाही, तरी लिहीत नाही. मी जिवंत आहे, म्हणजे सौदा अजून चालू आहे. दुकान गेलं तर बोरीच्या घरात लेथ बसवीन. वीज ओढून घेईन. गिऱ्हाईक हायवे सोडून चार मैल आत येईल, कारण असा पाळणा त्याला दुसरीकडं मिळणार नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, घरात दाखवायचंही नाही. दाखवलं तर आकडा कळेल, आणि तो मी बायकोला सांगितलेला नाही. तिनं विचारलं तेव्हा, होते काहीतरी, म्हणून उठलो. तुला सांगतो. फक्त नाव सोडण्याचे, पाळण्यांचे धरून नाही, ते मला एकरकमी देत होते. मी ऐकलं नाही असं दाखवून त्या तरुणाला परत एकदा म्हणायला लावलं आणि मग नको म्हणालो. सहा लाख रुपये.