शेवटच्या शेताची पाळी

मी, देवराम केरू काकड, वय एकाहत्तर, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा निवृत्त पाटकरी, राहणार मखमलाबाद, जिल्हा नाशिक, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा शेखर याला तरीही शंका येईल, पण त्याला ती लहानपणापासूनच येते.

कलम १. राहते घर शेखरला. वरची खोली मात्र मुलगी तृप्ती हिची. ती माहेरी आली की शेखरने कुलूप आपणहून काढून द्यावे, मागायला लावू नये.

कलम २. माझी सायकल धनराजला. चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, तोंडाशी त्याचे शेत. पाण्याच्या दर आवर्तनाला त्याने मला चहा पाजला आणि मी तो प्यायलो, हे कबूल करतो. पाळी मात्र चहावर ठरली नाही. ती नियमाने ठरली, आणि खोट नियमातच होती.

कलम ३. पाळीच्या बावीस वह्या तृप्तीला. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याहून संगणक घेऊन आली. यंत्राला काळाचे तर्कशास्त्र शिकवायचे आणि त्याच्याकडून कामाचे वेळापत्रक करवून घ्यायचे, असा तिचा अभ्यास होता. तिने माझे नियम विचारले. मी सांगत गेलो: जोवर वरचे शेत भिजत नाही तोवर खालचे दार उघडायचे नाही, एका वेळी नेहमी एकच दार, कालवा मध्येच बंद पडला तर पुन्हा पहिल्या शेतापासून सुरुवात, म्हणजे कोरडी चारी आधी ओली होते. नेहमी, जोवर, कधी ना कधी, एवढ्या थोड्या शब्दांत तिने माझी सगळी नोकरी बसवली. मला हसूच आले.

मग तिने यंत्राला विचारले, प्रत्येक शेताला कधी ना कधी पाणी मिळेलच का? यंत्राने नाही म्हटले आणि पुरावाही दिला. आठ दिवस पाणी, कालवा बंद, पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवस, बंद, पुन्हा पहिल्यापासून. असेच अखंड. शेवटच्या शेताची पाळी अकराव्या दिवशी येई. अजून न आलेली सगळी वर्षे त्या पेटीने एका दमात चालून पाहिली होती. मी उभा होतो तो खाली बसलो.

तृप्तीने एक नियम बदलला: पाणी जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू. यंत्राने नवे वेळापत्रक काढले, त्यात प्रत्येक शेत भिजत होते. मला बावीस वर्षांत ती एक ओळ सुचली नाही. माझ्या वह्यांत एकही चूक सापडणार नाही, याची आता लाज वाटते.

कलम ४. ते शेवटचे शेत सगुणाबाईचे. चांगल्या वर्षी तिला पाणी मिळे. तुटीच्या वर्षी कधीच नाही. तिची द्राक्षबाग तीनदा वाळली, चौथ्यांदा तिने लावली नाही. मुलगा भिकन देवळाली कॅम्पात हमालीला गेला. ती दाराशी येऊन पाण्याचे गाऱ्हाणे सांगे, आणि पाळी ठरलेली आहे, येईल, असे म्हणून मी तिला वाटेला लावी. भांडखोर बाई, असे मी चारचौघांत म्हणत असे. ते शब्द येथे मागे घेतो.

यंत्राचे उत्तर घेऊन मी तिच्या ओसरीवर गेलो. ती हरभरे निवडत होती. सगळे ऐकून घेतले आणि मान वर न करता म्हणाली, "मशीनला एका घडीत कळलं, तेच मी बावीस वर्सं तुमच्या दाराशी सांगत व्हते, भाऊ."

सबब चारीच्या तोंडाजवळची माझी स्वकष्टार्जित एक एकर जमीन, विहिरीसह, सगुणाबाईला. ती माझ्याआधी गेल्यास भिकनला, तोही नसल्यास त्याच्या मुलांना.

कलम ५. जोवर त्या जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव लागत नाही, तोवर कलम १ ते ३ पैकी एकही अमलात आणू नये. काम मध्येच अडले, तर अडले तिथूनच पुढे न्यावे. अंमलबजावणी तृप्तीने करावी.

हे मृत्युपत्र तिने यंत्रावर तपासले. पण त्याआधी मी ते सगुणाबाईला वाचून दाखवले, कारण तपासण्याची पहिली पाळी तिची होती.

ठिकाण: नाशिक. दिनांक: १४ नोव्हेंबर २००४
सही: देवराम केरू काकड

साक्षीदार:
१. बुधा सोमा गांगुर्डे (सही)
२. लताबाई विठ्ठल पिंगळे (सही)

वाचून दाखवलेले ऐकले, "आता बराबर हाय" म्हणाली: सगुणाबाई नामदेव मोरे (अंगठा)